साखरपुड्याला जाताना चारशे मीटर

साखरपुडा बाराचा होता आणि सव्वादहा झाले तरी काशीराम मारुतीच्या काचाच पुसत होते. भाची तेजलच्या होणाऱ्या नवऱ्याची अंगठी त्यांच्याकडे होती. मामा पोचल्याशिवाय पालीत काही हलणार नव्हतं. नवरामुलगा मुंबईचा, त्याला मामा-मामींनी फक्त मोबाइलवरच्या फोटोत पाहिलं होतं.

हायवेचं काम चालू होतं. हातखंब्याच्या अलीकडे एक बाण दिसला आणि काशीरामांनी गाडी सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, घातली. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस बाणावर शंका घेत नाही. हा बाण मात्र सड्यावर नव्यानं झालेल्या, गाड्यांच्या शर्यतीच्या पट्टीचा होता.

झेंडा घेतलेली एक मुलगी धावत आली. तिच्या गळ्यातल्या पाटीवर 'वेदिका, संयोजक' असं लिहिलेलं होतं.

"जुन्या गाड्यांचा गट ना? काका, किती उशीर! लायनीत घ्या!" तिनं दारावर सात नंबर चिकटवला आणि हेल्मेट पुढे केलं.

"गाडीत हेल्मेट?" शेजारच्या सीटवरून कमलाबाईंनी विचारलं.

"नवीन नियम असेल," काशीराम हेल्मेटात डोकं कोंबत म्हणाले.

"मावशी, तुम्ही उतरा. सोबत कोणी चालत नाही."

"अगो, बायको पण नाय चालत?"

"पुढे चढ असेल, वजन कमी करतायत," काशीरामांनी समजूत घातली. "तू ये मागनं चालत."

पुढे चढ नव्हता. वळणही नव्हतं. कोकणात चारशे मीटर सरळ रस्ता दिसला की आपण जिल्हा ओलांडला असं वाटतं. काशीरामांना घामच फुटला. शेजारी तसलीच एक लाल मारुती येऊन उभी राहिली, पण तिच्या पोटात वाघ गुरगुरत होता.

"मंडळी!" कर्णा ओरडला. "सर्किटवर फेऱ्या असतात, रॅलीत वळणं असतात. इथे दोन गाड्या आणि एक सरळ रेघ! हिरव्या दिव्याआधी हलला तो बाद!"

हेल्मेटमधून काशीरामांना शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं आणि ते मनापासून पटलं.

पिवळे दिवे लागले. लाल मारुती बाणासारखी सुटली आणि तिच्या बाजूला लाल दिवा पेटला. काशीरामांनी हिरव्याची वाट पाहिली, आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि मग क्लच सोडला. गर्दी आधी हसली, मग टाळ्या वाजवू लागली. पन्नास सेकंदांनी ते पलीकडे पोचले आणि झेंडेवाल्याला म्हणाले, "पालीला कुठनं जायचं?"

"काका, तुम्ही जिंकलात! समोरचा बाद!"

बाद झालेला तरुण तावातावानं चालत आला. "इंडिकेटर? शर्यतीत इंडिकेटर कोण देतं हो?" म्हणत त्यानं हेल्मेट काढलं. तेवढ्यात धापा टाकत कमलाबाई पोचल्या आणि त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"तू सम्यक ना रे?"

तरुणानं हेल्मेट पाठीमागे लपवलं. "जय भीम, मामी."

"साखरपुडा सोडून हितं?"

"केस कापायला जातो म्हणून निघालो. बारा सेकंदांचं तर काम होतं."

"तेजलला कळलं तर?"

"तिनंच नाव नोंदवलं माझं. हरून आलास तर अंगठीच घालणार नाही म्हणाली." त्यानं काशीरामांपुढे हात जोडले. "मामा, त्यातून तुमच्याकडनं हरलो..."

लाल मारुती तिथंच ठेवून काशीरामांनी त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि झेंडेवाल्याला रस्ता विचारून घेतला. पालीला साडेबारा वाजले. मामा जातीनं नवऱ्यामुलाला घेऊन आले, यानं सगळ्यांना इतकं भरून आलं की उशिराबद्दल कोणी बोललंच नाही.

अंगठी घालताना तेजल कुजबुजली, "जिंकलास ना?"

सम्यकनं बोट पुढे केलं. "मान आपल्याच घरात राहिला."

तेजलनं संशयानं मामांकडे पाहिलं. "मामा, खरं?"

काशीराम आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते.

"खरं गो," ते म्हणाले. "मी शेजारीच होतो."