मिक्सर तीन नंबरवर

रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आलात, तर चार-पाच पोरं कानांवर हेडफोनसारखी जाडजूड झाकणं लावून सतरंजीवर बसलेली दिसतील. समोर सावंत मिक्सर फिरवत असतात. भांड्यात काही नसतं. आधी एक नंबर, मग दोन, मग तीन. तीन नंबरलाही जे पोर मांडी मोडत नाही ते पास. त्याला सावंत मोटरसायकलच्या शर्यती बघायला नेतात.

मिक्सर माझा असतो. त्यांच्या घरचा याच परीक्षेत जळला.

सावंत आमच्या समोरच्या दारात राहतात. मूळचे कणकवलीकडचे, साकीनाक्याला दुचाकींचं गॅरेज. साठी उलटली, पण एका जागी पाच मिनिटं बसलेला हा माणूस मी पाहिलेला नाही. चहासुद्धा दारात उभ्याने. बसा म्हटलं तर, "नको वहिनी. बसलो की इंजिन थंड पडता."

कुठेही गेले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "निघायची वाट खंय ती आधी बघा." माझ्या मुलीच्या लग्नात आहेर हातात तसाच धरून ते हॉलचं मागचं दार शोधत फिरले. ते भटारखान्यातून निघालं. पंगत बसायच्या आधी सावंतांनी मला जिलेबी कच्ची असल्याचं कळवलं.

पोरांच्या आया मात्र त्यांच्यावर निर्धास्त असतात. प्रत्येक मनगटावर बॉलपेनने आईचा फोन नंबर. दर अर्ध्या तासाला शू, आली असो वा नसो. जागा फाटकाजवळचीच, तिथून ट्रॅक अर्धाच दिसला तरी. आणि एका जरी पोराने "घरी" म्हटलं की शर्यत कुठेही असो, सगळी वरात परत.

"काका, तो नाटक करतोय," बाकीचे चिडतात.

"करू दे रे. नाटकवाल्याला पण घरीच सोडतो मी."

झाकणांचे जोड त्यांच्याकडे सात. त्यातला एक अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. तो त्यांच्या नातवाचा. मुलगी सुषमा मुलुंडला असते. सणावारी येते, बापाला फोन करते, सगळं व्यवस्थित. पण शर्यतीला नातू मागितला की तिचं एकच उत्तर, "नको बाबा."

या हिवाळ्यात सावंतांनी तयार केलेली गाडी पनवेलच्या पुढच्या मातीच्या ट्रॅकवर फायनलला पोचली. चालवणारा दुसराच, पण गाडी यांची. दिवाळीपासून ते तिच्याखाली आडवे होते. बिल्डिंगमधल्या पोरांच्या परीक्षा, त्यामुळे त्या दिवशी गॅरेजच्या व्हॅनमध्ये आम्ही तिघंच. सावंत, मी आणि माझी पाच वर्षांची नात ओवी. तिने मिक्सर तीन नंबरवर असताना बिस्कीट खाल्लं होतं, म्हणजे डिस्टिंक्शन.

आधीच्या दोन शर्यती तिने मजेत बघितल्या. मग फायनलच्या गाड्या रांगेत लागल्या आणि सगळ्या एकदम सुरू झाल्या. ओवीने पोटावर हात ठेवला.

"आजी, वाजतंय."

मी झाकणं घट्ट केली.

"कानात नाही. पोटात वाजतंय. घरी."

पोटात वाजतं हे काही मिक्सरला कळत नाही. मी म्हटलं, "सावंत, मी नेते हिला बाहेर. तुम्ही बघा. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

तोवर त्यांनी तिला उचललं होतं.

पत्र्याच्या कुंपणामागे, पार्किंगमध्ये, ओवीला खांद्यावर टाकून ते येरझाऱ्या घालत राहिले. गाड्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज.

"ही आमची," ते म्हणाले. "वळणावर उशिरा गिअर टाकल्यान, मेल्यान." मग थांबले. "आता बरोबर." मग आत ओरडा झाला. "आमची दुसरी आली."

दोन मिनिटांनी माईकवरून तेच जाहीर झालं. ओवी झोपून गेली होती.

मला राग आला. "दिवाळीपासून राबलात आणि पत्र्यामागून ऐकलंत. पोरीला मी सांभाळलं नसतं का?"

सावंत व्हॅनच्या पायरीवर बसले.

"सुषमा चार वर्षांची होती. आणली होती अशीच. पोटात होतंय म्हणाली, घरी चला म्हणाली. रडून रडून ओकली, वहिनी."

"गर्दी असेल," मी म्हटलं. "निघायला वाट नसेल मिळाली."

"वाट होती. मागेच होती." त्यांनी ओवीच्या कानावरचं घसरलेलं झाकण अलगद काढलं. "तीन फेरे राहिले होते. मी उठलो नाही."

मी ओवीच्या चपला हातात धरून उभी होते. आतली माणसं बाहेर पडू लागली, गाड्या निघू लागल्या, कोणीतरी सावंतांना बक्षिसासाठी हाक मारली. त्यांनी नुसता हात हलवला. खांद्यावरची झोप मोडेल म्हणून ते जागचे हलले नाहीत. मी घड्याळात पाच मिनिटं झालेली बघितली. मग दहा. मग बघायचं सोडलं.