पक्क्या भावाचा चहा

रुद्राणी चहाचा ट्रे घेऊन बैठकीत आली आणि तिच्या बापाला दरदरून घाम फुटला. बघण्याच्या कार्यक्रमात घाम पोरीला फुटावा अशी जगाची रीत आहे. इथं पोरगी ठणठणीत होती. सिरसाळ्याचा मन्मथ तिला पसंत होता, फोनवर दोघांचं मनसोक्त बोलणं झालेलं होतं, आणि आजचा कार्यक्रम निव्वळ मोठ्यांच्या समाधानासाठी होता. तिच्या आईने, शिवकांताबाईंनी, सकाळपासून घरापुढच्या ओट्यावर थर्मल वीजकेंद्राची राख बसू दिली नव्हती. पोहे झाले, पेढे आणून फडताळात ठेवले. सगळं कसं जुळून आलं होतं. आडवा आला तो चहा.

त्याचं झालं असं. रुद्राणीचा बाप सिद्धेश्वर, त्याचं परळीच्या धान्याच्या मोंढ्याजवळ पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. माणूस सरळ, कामाला वाघ. खोड एकच, चार लोकांत टाळ्या वाजल्या की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नसे. तो गावातल्या अभेद बंधुसभेचा सभासद होता. ही सभा म्हणजे व्यापाऱ्यांनी आणि मास्तर लोकांनी मिळून काढलेली हौसेची भावकी. खांद्यावर जांभळा पट्टा, हात मिळवताना अंगठा दोनदा दाबायची खूण, आणि एकमेकांच्या अडीनडीला धावायची शपथ. गाव पट्ट्याला हसायचं. पण शिवकांताबाई अंबाजोगाईला दवाखान्यात होत्या तेव्हा डबा, रक्त, उशाशी बसणं, सगळं या पट्टेवाल्यांनीच केलं होतं. सख्खे भाऊ त्या वेळी फोनवरून "काळजी घ्या" म्हणत होते. तेव्हापासून सिद्धेश्वरचा सभेवर जीव होता.

सभासद पुरेसा मुरला की सभा त्याला 'पक्का भाऊ' करायची. त्यासाठी सगळ्यांसमोर आपल्या आवडीची एक वस्तू जन्मभरासाठी सोडायची. काय सोडलं ते बाहेरच्याला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. आणि भाऊ सगळे एक, म्हणून व्रतही एक. एकाने मोडलं की सगळ्यांचं मोडलं. मागच्या महिन्यात सिद्धेश्वरची पाळी आली. घरून निघताना त्याने सिनेमा सोडायचा बेत केला होता, तसंही टॉकीजचं तोंड बघून जमाना झाला होता. पण आधीच्या माणसाने गुटखा सोडला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सिद्धेश्वर ताडकन उठला, छाती पुढे काढली आणि म्हणाला, "चहा!" टाळ्या आणखी जोरात पडल्या. अक्कल परत आली ती घरी जाताना, अर्ध्या रस्त्यात.

घरी त्याने पित्ताचं निमित्त सांगून महिना काढला होता. आता मात्र समोर सिरसाळ्याचे पाहुणे बसले होते. मन्मथचे वडील आप्पाराव, आजी केसरबाई आणि खुद्द मन्मथ. शिवाय सोयरीक जुळवणारे अर्जुनरावही होते, आणि अर्जुनराव म्हणजे अभेद बंधुसभेचे अध्यक्ष. नियमाच्या बाबतीत हा माणूस बापालाही सोडणारा नव्हता.

"घ्या सिद्धेश्वरराव," आप्पाराव कप उचलून म्हणाले.

"तुमी घ्या, तुमी घ्या. मला नको."

"असं कसं? तुमी घेतल्याशिवाय आमी कसं घ्यावं?" आप्पारावांनी कप खाली ठेवला. त्यांचं बघून मन्मथनेही ठेवला. केसरबाईंनी तर उचललाच नव्हता. आपल्याकडे ज्या घरचा चहा नको म्हटला त्या घराशी संबंध नको असा सरळ अर्थ निघतो. निवडणुकीत आणि सोयरिकीत तर हमखास. इथं तर घरमालकच आपल्या घरचा चहा नको म्हणत होता. याचा अर्थ काय काढावा हे कुणालाच कळेना.

शिवकांताबाई दाराआडून पुढे आल्या. "त्यास्नी पित्त झालंय. चहा चालत न्हाई."

"पित्त?" केसरबाईंनी चष्मा सावरला. "घराण्यात हाय का काय?"

"न्हाई न्हाई, घराण्यात कशाचं! महिन्याभरातच झालंय."

"महिन्याभरात? मंजी आमच्या पोराचं नाव निघाल्यापासून?"

आता ही गोष्ट भलतीकडेच चालली. सिद्धेश्वर घाईघाईने म्हणाला, "पित्तबित्त काय न्हाई हो. मला चहाची सवयच न्हाई."

"सवय न्हाई?" आप्पाराव हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. "दिवाळीच्या आदी सिरसाळ्याला आलतात तवा माझ्या दुकानात लागोपाट दोन कप घेतले की. वर म्हनलात, 'आप्पाराव, चहा असावा तर असा!'"

बायको म्हणते पित्त, नवरा म्हणतो सवय नाही, आणि पाहुणा म्हणतो मी डोळ्याने पाहिलंय. पोलिसांत जबानी दिल्यासारखी गत झाली. केसरबाईंनी मग ट्रेकडे बघितलं, रुद्राणीकडे बघितलं, आणि जे कुणी बोलू नये ते बोलल्या.

"परक्याच्या घरचा चालतो, पोरीच्या हातचा चालत न्हाई. बापच घेत न्हाई तर आमी कावून घ्यावा?"

रुद्राणीचा चेहरा खर्रकन उतरला. मन्मथ "आजी, असं काय बोलतीस!" म्हणाला, पण आप्पारावांनी हाताने त्याला थांबवलं आणि ते अर्जुनरावांकडे वळले. "अर्जुनराव, तुमी मधले. तुमाला दोनी घरं ठाऊक. ह्या चहाची भानगड काय हाय?"

सिद्धेश्वरने अध्यक्षांकडे आशेने पाहिलं. एवढा अनुभवी माणूस, काहीतरी वेळ मारून नेईल. अर्जुनरावांनी घसा खाकरला आणि अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "मला माहीत हाय. पन सांगता येत न्हाई."

झालं! याच्यापेक्षा त्यांनी पोरीला फेफरं येतं म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं, निदान त्यावर औषध तरी निघालं असतं.

"पोरीबद्दल हाय का काय?" आप्पारावांनी आवाज खाली आणून विचारलं.

"एक सांगितलं की दुसरं निघतं," अर्जुनराव म्हणाले. "म्हनून मी गप."

"मग आमीबी गप!" केसरबाई पदर सावरत उठल्या. "आप्पा, चल. चपला कुठं हायेत बघ."

सिद्धेश्वरने अर्जुनरावांना दंडाला धरून आतल्या खोलीत ओढत नेलं. "अध्यक्ष, पाया पडतो तुमच्या. निस्तं एक घोट घेतो. तुमी डोळे मिटा."

"डोळे मिटले तरी मला कळंल की."

"माझ्या पोरीची सोयरीक मोडायली हो!"

"अन् तू प्यालास तर समद्या भावांचं व्रत मोडतंय," अर्जुनराव म्हणाले. "कुनी किती वर्षं मन मारलंय, माहीत हाय का तुला? तुझी बायको आजारी व्हती तवा हीच मानसं धावली. आता तुझं तू बघ. मी हात धरनार न्हाई."

खरंच होतं ते. सिद्धेश्वरच्या डोळ्यांसमोर एकेक भाऊ उभा राहिला. रक्त देणारा, डबा आणणारा, उशाशी बसून डुलक्या काढणारा. त्या सगळ्यांचं पुण्य एका घोटात बुडवायचं? ओट्यावर पाहुण्यांचा चपला शोधण्याचा आवाज येत होता. केसरबाईंना एक चप्पल सापडत नव्हती, तेवढाच काय तो देवाचा आधार.

तेवढ्यात रुद्राणी दारात आली. रडत नव्हती. रडली असती तर बापाला सोपं गेलं असतं. तिने एवढंच विचारलं, "बाबा, लोकं निघाले. त्यांचं जाऊ द्या. माझ्या हातचा चहा तुमाला कावून नको, ते तेवडं सांगा."

सिद्धेश्वर तरातरा बैठकीत गेला, साय धरलेला गार चहा बशीत ओतला आणि ओट्यापर्यंत ऐकू जाईल असा फुर्रकन ओढला. मग दुसरा कप ओतला, तोही ओढला. मग आप्पारावांचा. चप्पल हातात घेऊन पाहुणे दारात थिजून उभे राहिले.

"बसा आप्पाराव," बशी खाली ठेवून सिद्धेश्वर म्हणाला. "पोरीत खोट न्हाई, चहात खोट न्हाई. खोट माझ्या अकलेत हाय." आणि त्याने सगळं सांगून टाकलं. पट्टा, शपथ, गुटखा, टाळ्या, काहीही लपवलं नाही. मोडायचंच तर अर्धवट कशाला मोडा!

आप्पारावांना आधी हसावं का रागवावं हेच समजेना. केसरबाई मात्र परत येऊन खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अगं बाई! एवड्याच्यापायी माझी चप्पल शोधायला लावली व्हय! अरं आप्पा, लेकीसाठी ज्यानं शपथ मोडली, त्याच्या घरची पोर न्हाई करायची तर कुनाची करायची? पोरी, मला ताजा चहा टाक. ह्या बाबानं तर समदा पिऊन टाकलाय."

शिवकांताबाईंनी पेढे बाहेर काढले. रुद्राणी आत पळाली, मन्मथ खाली बघून हसू लागला, आणि मागच्या महिन्यापासून पहिल्यांदाच त्या घराने मोकळा श्वास घेतला. सिद्धेश्वरचा मात्र अर्धाच. त्याने खुंटीवरचा जांभळा पट्टा आणला, घडी केली आणि अर्जुनरावांसमोर धरला.

"काढून टाका मला. मी समद्यांना बुडवलं."

अर्जुनराव पट्ट्याकडे बघतच नव्हते. ते पेढ्यांच्या डब्याकडे बघत होते. मग त्यांनी हळूच एक पेढा उचलला, कुणी हिसकावून घेईल अशा घाईने तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी दुसरा उचलला.

"अध्यक्ष, तुमी गोड सोडलंवतं ना!"

"सोडलं व्हतं," अर्जुनराव भरल्या तोंडाने म्हणाले. "आता मोडलं न्हवं का? तूच मोडलंस. माजा काय गुन्हा?" तिसऱ्या पेढ्याकडे हात नेत ते पुढे म्हणाले, "मी अध्यक्ष पडलो, मला आपल्या हातानं आदी कसं मोडता आलं असतं? पन तू पंडितरावांना कळव. ते आपल्यात समद्यात वडीलधारे. त्यांनी भजी सोडून जमाना झाला. त्यांचं मन लई दुखंल."

सिद्धेश्वरने फोन लावला. "पंडितराव, सिद्धेश्वर बोलतोय. माझ्या हातून लई मोठा गुन्हा झाला. लेकीपायी मी चहा प्यालो. समद्यांचं व्रत मोडलं. माफी मागायला तोंड न्हाई मला."

पलीकडे काहीच आवाज नाही. म्हाताऱ्याला काही झालं का काय म्हणून सिद्धेश्वरचं काळीज हललं. "पंडितराव? आयकायलाव ना?"

आणि मग फोनमधून बैठकीतल्या सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या जोराने आवाज आला. तो सिद्धेश्वरसाठी नव्हताच, घरात आत कुणाला तरी होता:

"मंजुळे! अगं ये मंजुळे! कढई ठेव!"