पाणी कुठच्या पानावर?

रत्नागिरीत राहून वाळवंटात पायी कसं फिरावं याची पुस्तकं जमवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शांताराम मयेकर. नुसती जमवून थांबले असते तर मी त्यांच्यावर शाई खर्च केली नसती. पण मयेकरकाका ती पुस्तकं तपासत. भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, डोक्यावर काळी छत्री, पायात बोटीवरचे जाड बूट आणि हातात उघडं इंग्रजी पुस्तक, असे ते भाट्याच्या वरच्या सड्यावर चालत असायचे. सडा म्हणजे आमचा उघडा कातळ. पावसाळ्यात तिथं गवत, फुलं, सगळी मौज. मे महिन्यात नुसता तापलेला तवा. झाड नाही, सावली नाही, पाण्याचा थेंब नाही. काका म्हणायचे, "वाळू तेवढी नाय. बाकी सगळा माल तोच."

मला ते पहिल्यांदा दिसले तेव्हा माझं डोकं फिरलं. कारण त्याच सड्यावरून, त्याच उन्हात, कातळवाडीच्या बाया डोक्यावर हंड्यावर हंडा चढवून चालल्या होत्या. मी तेव्हा नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली, पाणी समितीची कार्यकर्ती. खांद्याला शबनम आणि शबनममध्ये मीच लिहिलेली पत्रकं. बाया पाण्यासाठी पाय भाजून घेतात आणि हा गृहस्थ हौसेनं उन्हात फिरतो, हे मला सहन होईना. मी त्यांना तिथल्या तिथं सुनावलं. गोऱ्या साहेबांच्या चैनीच्या पुस्तकांवरही दोन वाक्यं बोलले. काकांनी शांतपणे छत्री माझ्या डोक्यावर धरली, माझं पत्रक मागून घेतलं, उभ्याउभ्या वाचलं आणि विचारलं, "बाय, पाणी कुठच्या पानावर?"

पत्रक तीन पानी होतं. पहिल्या पानावर निषेध, दुसऱ्यावर इतिहास. पाणी तिसऱ्या पानावर, तेही तळाशी.

"तवर माणूस मेला," काका म्हणाले आणि छत्री घेऊन पुढं गेले.

पुढं कळलं की हा प्रश्न ते प्रत्येक पुस्तकाला विचारतात. वाळवंटाच्या पुस्तकात पाणी पहिल्या दोन पानांत आलं नाही, तर लेखक घरी पंख्याखाली बसलेला आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांच्या हिशेबी जगात पुस्तकं दोनच प्रकारची: चाललेली आणि बसलेली. टोपी कशी निवडावी यावर पन्नास पानं खर्च करणारं एक जाडजूड पुस्तक त्यांनी "हा साहेब बसलेला नाय, निजलेला हाय" म्हणून बाजूला टाकलं होतं. दुसऱ्या एकात सल्ला होता की पहाटे दगड उलटा, खाली दव मिळेल. काकांनी पहाटे सड्यावर जाऊन दगड उलटले. दव मिळालं नाही, विंचू मिळाला. तिसऱ्यात होतं की वाट चुकल्यास घाबरू नये, उंटाच्या सावलीत बसून राहावं. रत्नागिरीत उंट नाही. काका शेजाऱ्यांचा रेडा घेऊन सड्यावर गेले आणि त्याच्या सावलीत बसले. रेडा थोडा वेळ उभा राहिला, मग घरी निघाला. सावली निघाली म्हणून काकाही निघाले आणि दोघं बिनचूक दारात पोचले. निकाल लागला: "पुस्तक उपयोगाचं हाय. का उपयोगाचं हाय ते लिवणाऱ्याला ठाऊक नाय."

काका मोठ्या बोटीवर सुकाणी होते. सुकाणी म्हणजे बोटीचं चाक धरणारा. कुठं वळायचं ते वरचा अधिकारी सांगतो. सुकाण्यानं हुकूम ऐकायचा, तोच मोठ्यानं परत म्हणायचा, चाक फिरवायचं आणि फिरवून झालं की तेही सांगायचं. म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. नोकरी संपली, सवय राहिली. न्हावी म्हणाला, मान खाली करा, की काका म्हणणार, "मान खाली करतो." मग, "मान खाली केली." बसमध्ये कंडक्टर म्हणाला, पुढं सरका, की, "सरकतो. सरकलो." आमच्या एका सभेला ते येऊन बसले होते. मुंबईहून आलेल्या वक्त्यांनी मूठ वळून गर्जना केली की मित्रहो, उठा. तिसऱ्या रांगेतून काका "उठतो" म्हणाले, उभे राहिले, "उठलो" म्हणाले आणि पुढच्या हुकमाची वाट बघत राहिले. वक्त्यांकडे पुढचा हुकूम नव्हता. ते पाणी प्यायले आणि भाषण दुसऱ्या विषयावर गेलं. मी त्या दिवशी काकांना सभेला येऊ नका असं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "येत नाय."

अशा माणसाकडे मला मदत मागायला जावं लागलं, ती हकीकत आता सांगते.

नळयोजनेचे साहेब एकदाचे सड्यावर यायला तयार झाले होते. सड्यावर एक कोरडी विहीर आहे, तिथं ते जीपनं येणार आणि पाण्याची गरज किती लोकांना आहे ते डोळ्यांनी बघणार. पूर्वेकडच्या आतल्या वाड्यांमधून लोकांनी चालत तिथं जमायचं होतं. पत्रक अर्थात मी लिहिलं. जळजळीत लिहिलं. शेवटी आवाहन होतं की हजारोंच्या संख्येनं विहिरीपाशी एकवटा. त्या सकाळी विहिरीपाशी मी होते, समितीचे दोघं होते आणि पाण्याला चाललेल्या कातळवाडीच्या चार बाया होत्या. साहेब जीपमधून उतरले, स्वतःच्या थर्मासमधलं गार पाणी प्यायले, म्हणाले, "मागणी दिसत नाही," आणि गेले.

लोक निघाले होते. सगळ्या वाड्यांमधून निघाले होते. पण आतल्या गावच्या माणसांना हा सडा ठाऊक नाही आणि सड्यावर खूण म्हणून काही नाही. विहीर बाजूला राहिली, लोक सरळ चालत गेले, घाटी उतरले, सुरूच्या बनातून बाहेर पडले आणि भाट्याच्या किनाऱ्यावर पोचले. तिथं साहेब नव्हते. पण आलोच आहोत तर म्हणून त्यांनी घोषणा सुरू केल्या. समोर अख्खा अरबी समुद्र आणि वाळूत उभे राहून माझे लोक मुठी उंचावून ओरडतायत, पाणी द्या, पाणी द्या.

हे मला काकांनीच सांगितलं. ते तिथं फिरायला गेले होते. मी म्हटलं, पत्रकातला विचार बरोबर होता. तो आजही बरोबर आहे.

"विचार बरोबर होता," काका म्हणाले. "वळण नव्हतं."

साहेबांच्या कचेरीच्या दाराशी धरणं धरून आम्ही पुन्हा एक भेट मिळवली. पण साहेबांनी बजावलं की या खेपेला विहिरीपाशी माणसं दिसली नाहीत तर योजना दुसरीकडे जाईल. सात वाड्यांचं पाणी आता एका कागदावर होतं आणि तो कागद मला लिहायचा होता. समितीत वाट सांगणारं पत्रक कुणी कधी लिहिलं नव्हतं. मी कच्चा मसुदा घेऊन मिरकरवाड्यामागच्या काकांच्या घरी गेले.

पडवीत काकू आमसुलं पसरत बसल्या होत्या. बोटांनी चाचपून, एकेक. त्यांना दिसत नाही हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण आधी त्यांनीच मला ओळखलं.

"ही का ती, समुद्राकडे पाणी मागणारी?"

काका म्हणाले, हीच. मग त्यांनी मला बस म्हटलं, चष्मा लावला आणि माझा कागद काकूंना वाचून दाखवायला घेतला. मला वाटलं, आधी बायकोला वाचून दाखवतील, मग तपासतील. तपासणी हीच होती. काकूंनी हात पुसून मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "निघाले मी. सांगा."

काकांनी वाचलं की गावाबाहेर पडून सड्यावरची चिरेखाण गाठावी.

"गाठू कशी? तोंड कुणीकडं माझं? ऊन कुठं लागतंय?"

मी म्हटलं, सकाळी पश्चिमेकडे निघायचं, तेव्हा ऊन पाठीवर.

"मग तसं लिही की गो. पश्चिम मला काय दिसतेय? पाठ हाय माझ्याकडं." त्या पुढं निघाल्या. काकांनी वाचलं, चिरेखाणीपाशी वळावं. काकू एकदम थांबल्या. "पडले. खाणीतच पडले मी. खाण कुठच्या हाताला ठेवायची ते सांगितलंस नाय. बाय, किती माणसं मारायचा बेत हाय तुझा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तकांना गुण देणारे काका नव्हतेच. काका वाचणार, इंग्रजीचं आपल्या बोलीत करून सांगणार, काकू बसल्या जागी चालणार. काकू पोचल्या तर पुस्तक चाललेलं, काकू हरवल्या तर बसलेलं. शंका आली की काका ते पुस्तक घेऊन सड्यावर जाऊन खात्री करणार. इतकी वर्षं घरात असं चाललं होतं.

मी स्पष्ट बोलणारी. विचारलं, की काकू, फिरायचंच आहे तर काश्मीर आहे, नद्या आहेत, बागा आहेत. वाळवंटच का?

काकूंनी आमसुलं पुन्हा पुढं ओढली. म्हणाल्या की डोळे गेले तेव्हा हे बोटीवर होते. घरी आले तर माझं अंग सगळं काळंनिळं. उंबरा लागतो, खांब लागतो, पाट लागतो, कुणाचं वासरू दारात बसलं तर तेही लागतं. "मी ह्यांना विचारलं, तुम्ही एवढं जग बघितलंत, आडवं काय येत नाय अशी जागा कुठं बघितलीत का? तर म्हणाले, बोटीवरनं वाळवंट दिसतं, तिथं काय म्हणता काय नाय. तवापासून आणतात पुस्तकं." मग हसल्या. "तर त्या साहेबांच्या पुस्तकांत तिथं पण सतरा वस्तू. उंट काय, तंबू काय. टोप्या किती मेल्या."

काका चष्मा पुसत होते. त्यांनी ते काम बराच वेळ केलं.

मी विचारलं की मग एवढा सडा जवळ असताना तिथं का नाही जात. काकू म्हणाल्या, लोक बघतात. आंधळीला कुठं मिरवतो म्हणतात. तिथला विषय तिथंच संपला, कारण काका म्हणाले, "पुढं लिही."

पत्रक चार वेळा लिहिलं. पाचव्यांदा काकू पोचल्या. ते पत्रक असं होतं:

"पाणी बरोबर घ्या, विहिरीत नाही. सकाळी निघा. ऊन पाठीवर ठेवून चाला. चिरेखाण समोर आली की उजवीकडे वळा. खाण डाव्या हाताला, ऊन उजव्या गालावर. पुढं दगडी गडगा लागेल. त्याला हात लावून चाला. गडगा संपतो तिथं विहीर."

समितीत गदारोळ झाला. निषेधाचा एक शब्द नाही, हे पत्रक आहे की काय आहे, असं मला विचारलं गेलं. मी म्हटलं, चाललेलं आहे. शेवटी एक घोषणा तरी घालू द्या म्हणून मी काकूंकडेही अडून बसले होते. त्या म्हणाल्या, "पोचल्यावर काय ते ओरडा."

दुसऱ्या भेटीच्या सकाळी मी विहिरीपाशी उभी होते. जीप आली, साहेब उतरले. सडा मोकळा. थर्मास बाहेर आला. तेवढ्यात गडग्याच्या, म्हणजे त्या रचलेल्या दगडी बांधाच्या, पलीकडच्या टोकाला एक बाई दिसली, गडग्याला हात लावून चालणारी. तिच्यामागं दुसरी. मग रांगच. म्हातारे, बाया, कडेवर पोरं, सगळे डावा हात गडग्यावर ठेवून. दिसत असलेली माणसं आंधळ्यासारखी चालत होती, कारण पत्रकात तसं लिहिलं होतं. घोषणा नाही, काही नाही, नुसती माणसं येत होती आणि संपत नव्हती. साहेबांनी मोजायला घेतलं, मध्येच सोडून दिलं आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मग मात्र घोषणा झाल्या. मी घसा फाडून दिल्या.

रांगेच्या अगदी शेवटी काकू होत्या. डोक्यावरून पदर, हात गडग्यावर, मागं छत्री घेऊन काका. गडगा संपला तशा त्या थांबल्या.

"पोचले. पत्रक चाललेलं हाय," त्यांनी मला सांगितलं. काकांनी त्यांना विहीर आणि गर्दी मागं टाकून मोकळ्या कातळाकडे तोंड करून उभं केलं. तेव्हा त्यांनी काकांना विचारलं, "ओ, आता पुढं काय हाय?"

"काय नाय."

"आडवं?"

"पार आभाळापर्यंत काय नाय." काका सुकाणी माणूस, हुकूम घेण्यात जन्म गेला. त्यांना द्यायला सुचेना. काकूंनीच सांगितलं, "मग चाल म्हणा."

"चाल," काका म्हणाले.

"चालते."

आधी त्यांचे दोन्ही हात पुढं होते, घरात असतात तसे. थोडं पुढं गेल्यावर एक खाली आला. मग दुसरा. मग ते हात कुठल्याही बाईचे चालताना हलतात तसे हलायला लागले. लोक घोषणा द्यायचे थांबले होते. काकांनी छत्री मिटली आणि उन्हात उभे राहून ते नुसते ऐकत राहिले.

बऱ्याच लांबून, वाऱ्यावर, हसत हसत आवाज आला.

"चालले हो."