पुढच्या सीटचा मान

सकाळी सात वाजता थोरल्या जावयांनी धाकट्या जावयाच्या गाडीचं बॉनेट उघडलं, एका वायरचा प्लग उपसला आणि आवाज न करता बॉनेट बंद केलं. घरात सासूबाई डबे भरत होत्या आणि धाकटे दाढी करत होते.

राग प्लगवर नव्हता, पुढच्या सीटवर होता. कुटुंब बाहेर पडलं की सासरे ज्याच्या शेजारी पुढे बसत तो मानाचा जावई, हे कुणी न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. कित्येक वर्षं ती सीट थोरल्यांच्या गाडीत होती. मग धाकट्यांनी गाडीला पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर आणि रुंद सायलेन्सर बसवला, एका लॅपटॉपवाल्याकडून इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये पेट्रोलचं नवं गणित भरून घेतलं, आणि सासरे एकदा बसले ते तिकडचेच झाले.

थोरल्यांनीही ईर्षेने तेच इंजेक्टर बसवले. गणित मात्र भरून घ्यायचं राहिलं. लॅपटॉपवाल्याचा नंबर साडूकडे मागण्यापेक्षा त्यांनी पायी चालणं पत्करलं असतं. तरी गाडी चालत होती, कारण धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगून कॉम्प्युटरला सांगे, पेट्रोल जास्त होतंय, आणि कॉम्प्युटर हात आखडता घेई. हे ज्ञान त्यांनी व्हिडिओ पाहून मिळवलं होतं. प्लग उपसून साडूचा सेन्सर मुका केला तर त्याची गाडी चढावर काळा धूर ओकेल आणि सासरे नाकाला रुमाल लावून आपल्याकडे येतील, असा सरळ हिशेब होता.

डोंगरावरच्या बागेचा रस्ता बहुतेक चढाचा, मधे एखादा उतार. सासूबाई, डबे आणि सतरंज्या थोरल्यांच्या वाट्याला आल्या. प्रत्येक वळणावर ते पुढच्या गाडीच्या सायलेन्सरकडे आशेने बघत. तिथून फक्त आवाज येत होता, तोही गोड. रस्त्याकडे बघा, असं मागून बायकोने दोनदा बजावलं.

वर पोहोचल्यावर धाकटे ताट घेऊन शेजारीच येऊन बसले.

"दादा, आज गाडी लोण्यासारखी चढली हो. महिनाभर नुसती खोकत होती. काळा धूर, पेट्रोल तर ढोसायची. मी इतका वैतागलो होतो की आज बाबांना सांगणारच होतो, यापुढे तुम्ही दादांच्या गाडीत बसा."

थोरल्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "मग सांगा की."

"आता कशाला? परवा गॅरेजवाल्याने हात फिरवला, त्याची करामत दिसतेय."

थोरल्यांना सगळा प्रकार लख्ख दिसला. नव्या सायलेन्सरचा जोड कुठेतरी फुटका होता. बाहेरची हवा आत शिरे, सेन्सर फसे, पेट्रोल कमी पडतंय म्हणून ओरडे आणि कॉम्प्युटर बिचारा ओतत राही. सकाळी तो ओरडणारा गप्प झाला आणि लॅपटॉपवाल्याचं मूळ गणित सुरळीत चालू झालं. म्हणजे दुरुस्ती आपण केली आणि नाव गॅरेजवाल्याचं. साडूचा हेवा निदान घरातला तरी होता, आता गॅरेजवाल्याचाही करावा लागणार.

"गॅरेजवाल्याने काही केलेलं नाही," ते बोलून गेले.

"तुम्हाला काय माहीत?"

"अंदाज," असं म्हणून थोरल्यांनी पाणी मागितलं.

जेवणानंतर मंडळी सतरंजीवर आडवी झाली आणि थोरले आपल्या गाडीकडे गेले. जो उपाय साडूला लागू पडला, तो आपल्याला का नाही? इंजेक्टर तर तेच. आपल्या कॉम्प्युटरला या इंजेक्टरांचं गणितच ठाऊक नाही, एकटा सेन्सर इतके दिवस गाडी सांभाळतोय, हे हेव्याच्या भरात त्यांना आठवलं नाही. त्यांनी आपल्याही सेन्सरचा प्लग उपसला.

परतीच्या पहिल्याच चढावर काळ्या धुरात मागचा रस्ता दिसेनासा झाला.

"काहीतरी जळतंय हो," सासूबाई म्हणाल्या.

इंजिन दोन आचके देऊन थांबलं. पुढे गेलेले धाकटे गाडी वळवून आले, त्यांनी थोरल्यांचं बॉनेट उघडलं आणि लोंबणारा प्लग बोटात धरला.

"दादा, हा निघालाय. पण हा आपोआप निघत नाही, खटका दाबून ओढावा लागतो."

थोरले वाकून टायरची हवा तपासू लागले.

"लावून देतो की. फक्त हा कुठे बसतो ते माझ्या गाडीत बघून येतो. दोघांचं इंजिन सारखंच आहे."

थोरल्यांनी नको, राहू दे, असं बरंच काही सांगून पाहिलं. धाकटे आपल्या गाडीपाशी पोहोचले होते, बॉनेट वर होतं आणि डोकं आत होतं. सासरे अजून पुढच्या सीटवरच बसून होते.