तीनशे टनांचं घर

आमच्या तात्यांना घराची किंमत रुपयांत सांगता येत नसे. कुणी विचारलं, की चष्मा कपाळावर सरकवून ते शांतपणे म्हणत, "तीनशे टन."

विचारणारा नवखा असला तर तो आधी घराकडे बघे, मग तात्यांकडे, मग माझ्याकडे. मी चहाच्या निमित्तानं आत पळत असे.

तात्या म्हणजे माझे चुलत काका. सगळी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी काट्यावर चढली, की वजन करायचं, पाचट-मातीची घट कापायची आणि राहिलेला आकडा सांगायचा. निवृत्त झाल्यावरही जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या मनातल्या काट्यावरूनच जाई. माझं लग्न ठरताना सासरे मुलाचे गुण सांगत होते, तेव्हा तात्या माझ्या कानाशी लागले होते, "घट धरून चल, पोरी." त्यांचा अंदाज कितपत बरोबर निघाला ते इथं लिहीत नाही. हे नवराही वाचणार आहे.

टनांमागं त्यांचा हिशेब होता. "रुपयाचं काय खरं? आज हाय, उद्या न्हाय. कारखान्यानं उसाचा भाव काढला, की त्याला तीनशेनं गुणायचं. माझं घर उसाबरोबर वर जाणार, उसाबरोबर खाली येणार." भाव निघायच्या आधी आलेल्या गिऱ्हाइकाला ते पाणी देत आणि भाव निघाल्यावर या म्हणून वाटेला लावत.

ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. शेजारच्या लोणी देवकरला कंपन्या येणार म्हणून सगळं इंदापूर चौरस फुटांत बोलायला लागलं होतं. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. तात्यांचा मुलगा अविनाश पिंपरीला. त्याला तात्यांसाठी वेगळी खोली असलेला फ्लॅट घ्यायचा होता, आणि त्यासाठी इंदापूरचं घर विकणं भाग होतं. तात्यांनीही एका शब्दात हो म्हटलं. त्याच दिवशी दारावर पाटी लागली: 'घर विकणे आहे. काटा चोख.'

अविनाशनं माझ्यावर जबाबदारी टाकली. "ताई, तू बारामतीत, जवळ आहेस. तात्यांना जरा व्यवहारानं वागायला समजव." माझं समजावणं कसं असतं ते आमच्या मंडईला ठाऊक आहे. मी मेथीच्या एका जुडीचा भाव पाडायला जाते आणि तीन जुड्या पुरत्या भावानं घेऊन येते. तरी दर रविवारी एसटीनं इंदापूर गाठायला लागले.

एजंट बबनरावांनी पहिला धडा दिला. "गिऱ्हाईक पाच-दहा मिन्टं घर बघतं. तेवढ्यात ओल दिसता कामा न्हाय." मग घराला पिस्ता रंग दिला, गच्चीची गळती बुजवली, बिजागऱ्यांना तेल घातलं. एक खिडकी मी स्वतः रंगवली. ती रंगानं अशी चिकटली, की पुन्हा उघडली नाही. तात्यांनी दोनदा ढकलून बघितली आणि म्हणाले, "अर्धा टन घट."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण पहिलं गिऱ्हाईक आलं आणि तात्या त्याला भिंतीपाशीच घेऊन गेले. "रंगाला भुलू नका. ह्याच्याखाली ओल हाय. पाच टन कमी करा. मोरीचं पाणी पावसाळ्यात उलटं येतं, दोन टन. ही खिडकी माझ्या पुतणीनं रंगवली, अर्धा टन."

बबनरावांनी कपाळाला हात लावला. "तात्या, तुमी घर विकताय का त्याच्यावर साक्ष देताय?"

"ऊस दुसऱ्याचा असू दे न्हायतर आपला, बबनराव. घट ती घट."

असं सगळं घर त्यांनी तोलून घेतलं होतं. फक्त एका गोष्टीची घट त्यांनी कधी धरली नाही. स्वयंपाकघरातला ओटा. तो जेमतेम माझ्या मांडीशी येई. बघायला आलेली प्रत्येक बाई तिथं थबके. अकलूजच्या एक बाई तर स्पष्टच म्हणाल्या, "ह्याच्यावर पोळ्या लाटल्या तर मी पुन्हा सरळ व्हायची न्हाय."

"मग तुमाला हे घर न्हाय जमायचं," असं म्हणून तात्यांनी त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या.

बबनराव म्हणाले, एका दिवसाचं काम आहे, फोडून उंच करू. तात्या म्हणाले, "वट्याला हात लावायचा न्हाय." बबनराव माझ्याकडे बघायला लागले. मला कारण ठाऊक होतं.

आमची काकू फार बुटकी. उभ्यानं स्वयंपाक करायची टूम आली तेव्हा गवंड्यानं सगळीकडं बांधतो तसा ओटा बांधला, आणि काकू पाटावर चढून भाकरी थापायला लागली. एकदा पाट सरकला आणि ती तव्यासकट खाली आली. तात्या ड्युटीवरून आले, तिच्या हाताला मलम लावलं आणि पहार घेऊन स्वयंपाकघरात शिरले. दुसऱ्या दिवशी गवंडी आला तो काकूच्या कोपराचं माप घेऊन ओटा बांधून गेला. त्यावर दोघांत काही बोलणं झाल्याचं कुणी ऐकलं नाही.

मग बारामतीचा एक बिल्डर आला. घरात पाऊल न टाकता त्यानं रस्त्यावरूनच जागा पाहिली आणि साडेतीनशे टनांच्या वरचा आकडा सांगितला, तोही चक्क रुपयांत. तात्या ओल दाखवायला निघाले, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पाडून गाळेच काढायचेत."

अविनाशचा फोन आला. "ताई, ह्या रविवारी तात्यांकडून हो म्हणवूनच घे. नाहीतर फ्लॅट हातचा जाईल." एसटीत मी सगळं भाषण मनात पाठ केलं.

पोचले तर घर बघायला दोघं आलेली. युनूसचं हायवेवर बॅटरीचं दुकान. बायको नसीम गिड्डीशी, पदर खोचलेली, बोलण्यात इंदापूरची. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्यापाशी उभी राहून तिनं दोन्ही तळवे त्यावर टेकवले आणि हसली. "अहो, हितं बघा की. भाड्याच्या घरात टाचा वर करून भाकरी थापते मी. खांदं भरून येत्यात."

तात्या बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग युनूसला भिंतीपाशी नेऊन त्यांनी ओल दाखवली, मोरी दाखवली, माझी खिडकी दाखवली. तीनशेतून घट कापत कापत जिथं थांबले तो आकडा ऐकून युनूस म्हणाला, "जमंल, तात्या."

बबनराव कळवळले. "अहो, तो बिल्डर किती देतोय!"

"तो घर कुठं घेतोय, बबनराव? तो जागा घेतोय. मी घर विकायला काढलंय."

बबनराव माझ्याकडे वळले. पाठ केलेलं भाषण मी मनात शोधलं, आणि तोंडातून निघालं, "तात्यांचं बरोबर आहे."

त्या वाक्यापायी अविनाश बरेच महिने माझ्याशी बोलला नाही. त्यानं लहान फ्लॅट घेतला. तात्यांची कॉट हॉलमध्ये पडणार हे ठरलं. तात्यांना सांगितलं, तर म्हणाले, "हॉलला वारा चांगला असतो."

किल्ली द्यायच्या दिवशी तात्यांची ट्रंक आणि वळकटी ओसरीवर आणून ठेवली होती. नसीमनं आपला गॅस आधीच लावून घेतला होता. चहा घेतल्याबगर जायचं न्हाय, असं तिनं बजावलं आणि आधण ठेवलं. युनूसनं ओसरीवर खुर्ची मांडली. तात्या आत जाऊन स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा लावून उभे राहिले.

"बाहेर खुर्ची हाय की, तात्या. बसा," नसीम म्हणाली.

"नको. मी रोज हितंच उभा ऱ्हायचो."

चहा उकळून वर यायला लागला होता. नसीमनं मागं वळून बघितलं नाही. हात पुढं करून तिनं गॅस अगदी बारीक केला आणि चहा तसाच उकळत ठेवला.