वाघमारेकाकांचं बिनमालकाचं स्टेशन

वाघमारेकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतींकडे बघत, मग माणसांकडे. "इथं बसेल," असं भिंतीला सांगून झालं की मग आईला विचारत, "काय वहिनी, बरंय ना?" भिंतीवर बसणार होता तो त्यांचा डबा.

अंबरनाथच्या बुवापाड्यात आम्ही शेजारी. मोबाइल तेव्हा नुकते खिशात येऊ लागले होते. रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, नाहीतर सरकारला शिव्या घालतात. आयुष्यभर कारखान्यात वायरमन असलेल्या काकांनी रेडिओ स्टेशन काढलं. त्यासाठी उल्हासनगरच्या भंगारातून ते जुने स्पीकर, टेलिफोनचे माईक पिशव्या भरभरून आणत. "चाचा, आपके हाथ में सब चलता है," असं म्हणत तिथला सिंधी दुकानदार न चालणारं सगळं त्यांच्या गळ्यात मारायचा.

पत्र्याच्या डब्यात एक स्पीकर, एक माईक आणि एक लाल खटका. खटका खाली करून बोललं की जोडलेल्या चाळीस घरांत तिथल्या तिथं ऐकू जाई. वायर सगळ्या घरांतून गोल फिरवलेली. एके ठिकाणी तुटली तरी आवाज दुसऱ्या बाजूनं येई.

"पण काका, स्टेशन कुठंय?" मी विचारलं.

"तू बोललास की तू स्टेशन. वहिनी बोलल्या की वहिनी स्टेशन."

"आणि मालक?"

"मालक आला की कुलूप येतं," असं म्हणून काकांनी आमच्या भिंतीत खिळा ठोकला.

पहिले काही महिने धमाल होती. कुणी भीमगीतं म्हणे, कुणी पाढे. एकदा एका बकरीचा तपासही डब्यावरून लागला. मग एका रविवारी आईनं लाडवांची कृती सांगितली आणि खटका वर करायला ती विसरली. लगेच घरी आलेल्या मावशीला म्हणाली, "बुद्धपौर्णिमेला जाधवबाईंनी केलेली ती खीर होती का तांदूळ धुतलेलं पाणी?" चाळीस घरांनी ऐकलं, जाधवबाईंसकट.

मी काकांच्या दाराशी धावलो. "काका, मेन स्विच बंद करा!"

"ठेवलाच नाही," काका शांतपणे म्हणाले. "मेन स्विच असला की कुणीतरी कुणाला तरी गप्प करतंच."

विहारात बैठक झाली. सोमवारी संध्याकाळी वायरी काढायचं ठरलं. लाजेनं लाल झालेली आईच त्यात पुढं होती. निरोप द्यायला मला पाठवलं.

काका सगळ्यांच्या घरी जात, त्यांच्या घरात मात्र मी कधी गेलो नव्हतो. ताट पुढ्यात घेऊन ते डब्याखाली बसले होते. कुणाचा तरी खटका चालू राहिला होता आणि डब्यातून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता.

"त्यांना सांगून येऊ का?"

"राहू दे रे जरा." काका ओशाळले. "ही गेल्यापासून घरात भांडं वाजत नाही. कुणाचं तरी घर चालू असलं की घास उतरतो."

मी निरोप न देताच परतलो आणि आईला सगळं सांगितलं. "एवढा बाप्या माणूस, तोंडानं सांगायला काय झालं होतं?" एवढंच ती म्हणाली.

सोमवारी जाधवबाईंचे मिस्टर शिडी घेऊन आमच्या दारात आले. "थांबा हो जरा," म्हणत आई डब्याशी गेली आणि तिनं खटका खाली केला.

"वाघमारे भाऊजी, जेवलात का?"

डब्यात आधी खरखर झाली. इतक्या महिन्यांत काका स्वतः डब्यावर एकदाही बोलले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

"नाही... अजून नाही, वहिनी."

"मग या इकडं." हे आई बोलणार तोच जाधवबाई बोलल्या. पाठोपाठ आणखी तीन-चार घरं एकदम बोलली, आणि कुणाचंच काही धड कळेना. जाधवांनी शिडी खाली ठेवली.

आमच्याकडे पोचेपर्यंत काका तीन घरी जेवले होते. आईनं तरीही पान वाढलं, आणि ते बसले.