आईच्या गुडघ्याला पाच टक्के

सिंगापुरात, बिशान भागात बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या चंद्रशेखर देवस्थळीच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं, त्याला कारण एकच होतं. पुण्याहून आलेल्या आईचा, म्हणजे नंदाताईंचा, गुडघा. दर मंगळवारी त्यांना व्यायामासाठी नोव्हेनाच्या दवाखान्यात न्यायचं होतं. सविताने, त्यांच्या सुनेने, एक शहाणी सात सीटर गाडी पसंतही केली होती. रुंद दारं, बसायला-उठायला सोपी. विषय तिथेच मिटायला हवा होता.

पण चंद्रशेखर आयटीत मॅनेजर. तुलनेच्या तक्त्याशिवाय काहीही ठरवणं हा अडाणीपणा, असं त्याचं प्रामाणिक मत. शिवाय शेजारच्या आंग मो किओ भागातल्या एका गॅरेजात त्याने लाल रंगाची, दांडग्या इंजिनाची, दोन दारांची अमेरिकन मसल कार पाहिली होती. गाडी त्याच्यापेक्षा वयाने मोठी होती, आणि तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ही बाब तक्त्यात आली नाही.

पहिल्या आवृत्तीत सात सीटरने मसल कारला चारी मुंड्या चीत केलं. 'निकष अपुरे' असा शेरा मारून चंद्रशेखरने निकाल राखून ठेवला. दुसऱ्या आवृत्तीत बालसुरक्षा आली. मागे दारच नसल्यामुळे मागच्या दारातून मूल पडण्याचा संभव शून्य, सबब मसल कारला पैकीच्या पैकी गुण. तिथल्या नियमाने इतक्या जुन्या गाडीला वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर यायची परवानगी, म्हणून पर्यावरणाचे गुणही तिलाच. एसी नव्हता, तो 'नैसर्गिक वायुवीजन' या सदरात जमा झाला.

"पप्पा, ओन्ली टू डोअर्स लाह," त्याची मुलगी जाई सिंगापुरी ढंगात म्हणाली. "आजी मागे कशी बसणार?"

हरकत नोंदवून घेण्यात आली.

तोवर पाच मंगळवार गेले. निर्णय विचाराधीन असल्याने व्यायामही विचाराधीन होता. निदान टॅक्सी तरी करू, असं सविता म्हणाली. तात्पुरत्या सोयीने मूळ गरजेची तीव्रता कमी होते आणि तुलना दूषित होते, हे त्याने तिला शांतपणे समजावलं. मग परवानगीचे दिवस आणि मंगळवार यांचा मेळ बसेना, तेव्हा त्याने आईलाच विचारलं, गुडघा महिन्यातून एकदाच, एखाद्या रविवारी दाखवला तर चालेल का?

नंदाताईंनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"शेखर, यात माझा गुडघा किती आहे?"

"पाच टक्के, आई. गाडीच्या रंगाच्या बरोबरीने."

त्यांनी चष्मा काढला आणि तक्ता परत दिला. चंद्रशेखरला खरंच वाईट वाटलं. तो सहा करायला तयार झाला.

पुढच्या मंगळवारी नंदाताईंनी काठी घेतली, कार्ड घेतलं आणि एकट्याच एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, नोव्हेनाला गेल्या. जिने टाळून, लिफ्ट शोधत, दर वीस पावलांवर थांबत. त्यानंतरच्याही मंगळवारी गेल्या.

चौदावी आवृत्ती त्यामुळे फारच सोपी झाली. 'प्रवासी स्वतःच्या सोयीने प्रवास करीत असल्याने कौटुंबिक गाडीची आवश्यकता उरलेली नाही.' गुडघ्याचा रकाना काढून टाकला आणि मसल कार एकमताने जिंकली.

पारदर्शकता हवी म्हणून चंद्रशेखरने तो तक्ता मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. हरकत असल्यास चोवीस तासांत कळवावी, अशी तळटीपही दिली. नंदाताई तेव्हा नोव्हेनाच्या फलाटावर लिफ्ट शोधत होत्या.

तक्ता कुणीही उघडला नाही. अंगठे मात्र एकेचाळीस आले. त्यातला एक तुमचा आहे. आठवत नसेल, तुम्ही घाईत होतात.